पुण्यातल्या स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप: कॉलेजच्या एनओसीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत

२०२३च्या जानेवारीत मी बाणेरमधल्या अकरा माणसांच्या एका कंपनीत इंटर्न म्हणून रुजू झाले. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. मी फलटण तालुक्यातली. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर दहा दिवसांनी होणारा दुधाचा पगार हे शब्द मी लहानपणापासून घरात ऐकत आले होते. कोडिंग मात्र कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतंच येत होतं. आता मी नोकरी करते आणि दर सहा महिन्यांनी आमच्या टीममध्ये येणाऱ्या एक-दोन इंटर्नची जबाबदारी माझ्याकडे असते. आलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मी जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिलं आहे.

इंटर्नशिपमधून काय मिळवायचं हे आधी ठरवा. माझं मत पक्कं आहे: एक छोटं काम घ्यायचं आणि ते वापरणाऱ्या माणसाच्या हातात पडेपर्यंत स्वतः न्यायचं. दहा तंत्रज्ञानांची नावं रेझ्युमेवर चढवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

कॉलेजचं आधी आटपून घ्या

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९च्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात इंटर्नशिप हा ४ क्रेडिटचा स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. तुमचा पॅटर्न नवीन असेल किंवा कॉलेज स्वायत्त असेल, तर नियम वेगळे असतील. म्हणून कंपनी शोधायला लागण्याआधी विभागातल्या इंटर्नशिप कोऑर्डिनेटर सरांना किंवा मॅडमना भेटा आणि विचारून घ्या: किमान किती दिवस किंवा तास लागतात, घरून केलेलं काम धरतात का, ऑफर लेटरवर काय काय हवं, साप्ताहिक डायरी कोणत्या नमुन्यात लिहायची, मूल्यमापनाच्या कागदावर कंपनीत कुणाची सही चालते. उत्तरं वहीत तारखेसह उतरवा. सत्राच्या शेवटी निम्म्या मुलांची धावपळ याच कागदांपायी होते.

एनओसीचा, म्हणजे कॉलेजच्या ना हरकत पत्राचा, अर्ज लवकर द्या. टीपीओ (प्लेसमेंट अधिकारी) आणि विभागप्रमुख या दोघांच्या सह्या लागल्या, तर आठवडा सहज जातो.

एक गैरसमज इथेच दूर करते. २०२४ साली सुरू झालेल्या दोन सरकारी योजनांबद्दल मला सतत विचारणा होते. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना देशातल्या मोठ्या कंपन्यांसाठी आहे. सुरू झाली तेव्हा त्यात महिना ५,००० रुपये होते, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये ठेवले होते, तीही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हती. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी त्यांची वाट पाहत थांबू नये.

कंपनी शोधायची कुठे

पुण्याला सॉफ्टवेअरची जुनी बैठक आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ला इथे उभी राहिली, पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी १९९०ला. ड्रुवा, आयसर्टिस, फर्स्टक्राय या कंपन्यांची सुरुवातही याच शहरातली. पण इंटर्नला शिकायला मिळतं ते बहुतेक वेळा अजून नाव न झालेल्या कंपन्यांत. त्या बाणेर, बालेवाडी, खराडी, विमाननगर इथल्या को-वर्किंग जागांत असतात, कोथरूडमधल्या एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर असतात, चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या काही कंपन्या पिंपरी-चिंचवडमध्येही असतात. नव्या कंपन्यांना आधार देणारी केंद्रंही आहेत: पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर आहे, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं भाऊ इन्स्टिट्यूट आहे. तिथे वाढलेल्या कंपन्यांची नावं त्यांच्या संकेतस्थळांवरून काढा.

इंटर्नशाला आणि लिंक्डइनवर जाहिराती असतातच, पण एकेका जागेवर शेकड्याने अर्ज येतात. मला त्याहून दोन वाटा जास्त उपयोगी वाटतात. पहिली, दोन वर्षं पुढे असलेले सीनियर. त्यांना ‘जागा आहे का’ असं विचारू नका. ‘तुमच्याकडे इंटर्नला खरं काम देतात का’ असं विचारा. दुसरी, मीटअप. पायथन पुणेसारख्या गटांचे कार्यक्रम शनिवारी-रविवारी होतात, प्रवेश बहुधा फुकट असतो आणि चहाच्या वेळी छोट्या कंपन्यांतली माणसं भेटतात. मी पहिल्या मीटअपला कोपऱ्यात बसून आले. दुसऱ्या वेळी शेजारच्या ताईंना त्या काय काम करतात एवढंच विचारलं आणि त्यांच्याकडूनच या दुधाच्या कंपनीचं नाव कळलं.

फसवणूक ओळखा

हे शांतपणे वाचा, कारण दरवर्षी कुणीतरी यात अडकतं. इंटर्नशिप देण्यासाठी कंपनीने पैसे मागितले, तर ती इंटर्नशिप नाही. ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंग किट’, ‘सर्टिफिकेट चार्जेस’ असं नाव काहीही असो. माझ्या रूममेटने साडेतीन हजार भरले. तिला रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंची एक लिंक आली आणि सहा आठवड्यांनी पीडीएफ सर्टिफिकेट. सोलापूरहून दर महिन्याला मोजून पैसे पाठवणाऱ्या घरातली मुलगी होती ती. घरी सांगायला तिला दोन महिने लागले.

तपासणी सोपी आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंद सापडते आणि तिथे २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, दिसतो. तो वाचायला शिका. सुरुवातीला एक अक्षर, मग उद्योगाचे पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरं आणि त्यानंतर चार अंकांत नोंदणीचं वर्ष. पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या क्रमांकात राज्याच्या जागी ‘पीएन’ दिसेल. संकेतस्थळावर ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ लिहिलेलं असेल आणि क्रमांकात २०२३ असेल, तर कारण विचारा. एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेचा) क्रमांक वेगळ्या धाटणीचा असतो, तोही तिथेच सापडतो. संचालकांची नावं बघा, लिंक्डइनवर त्या कंपनीत सध्या काम करणारे दोघं-तिघं आहेत का ते बघा आणि शक्य असेल तर एकदा ऑफिसात जाऊन या.

मूळ मार्कशीट कुणालाही ठेवायला देऊ नका. बघायला मागितली तर दाखवा आणि परत घेऊन या.

मेल कसा लिहायचा

मी तेवीस मेल पाठवले. सहांची उत्तरं आली, दोन ठिकाणी भेट झाली. पहिले पंधरा मेल एकाच साच्यातले होते आणि त्यातल्या एकालाही उत्तर नव्हतं. मग मी कंपनीचं ॲप वापरून बघायला लागले आणि मेलचा सूर बदलला. मेल इंग्रजीतच जातो, पण त्यातला मजकूर साधारण असा ठेवा:

‘मी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचं ॲप काल फोनवर घेऊन पाहिलं. भाषा मराठी निवडली तरी दरपत्रकाच्या पानावर आकडे आणि महिने इंग्रजीत येतात, स्क्रीनशॉट जोडला आहे. मला पायथन आणि एसक्यूएल येतं. कॉलेजच्या मेससाठी हजेरीचं एक छोटं ॲप केलं आहे, त्याचा कोड या लिंकवर आहे. २६ डिसेंबरपासून चार आठवडे पूर्णवेळ आणि पुढचे चार आठवडे अर्धवेळ येऊ शकेन. वीस मिनिटं भेटता येईल का?’

यात खुशामत नाही आणि ‘मला संधी द्या’ अशी विनवणीही नाही. समोरच्याला तीन गोष्टी कळतात: हिने आमचं काम बघितलंय, हिला काय येतं, ही कधी येऊ शकते. रेझ्युमे एक पानाचा ठेवा आणि जे येत नाही ते त्यावर लिहू नका. ‘मशीन लर्निंग’ लिहिलेल्या मुलाला मी ओव्हरफिटिंग म्हणजे काय हे विचारणारच.

भेटीत तुम्हीही विचारा

आपल्याकडे मुलाखतीत मुलं फक्त उत्तरं देतात. शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारलं की ‘नाही सर’ म्हणून उठतात. तिथे न उठता हे विचारा: माझं काम तपासणार कोण? ती व्यक्ती ऑफिसात रोज असते का? मी लिहिलेला कोड ग्राहकांपर्यंत जाईल, की वेगळ्या सरावाच्या प्रोजेक्टमध्ये राहील? लॅपटॉप माझा की तुमचा? स्टायपेंड किती आणि कोणत्या तारखेला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. मला दोन ठिकाणांहून होकार आला होता. एका ठिकाणी स्टायपेंड बारा हजार होता, पण ‘तुम्ही तिघं इंटर्न मिळून बघा, अडलं तर आम्ही आहोतच’ असं उत्तर मिळालं. दुधाच्या कंपनीत आठ हजार होते. तिथे बॅकएंड (सर्व्हरकडचा कोड) बघणाऱ्या ताईंनी स्वतः सांगितलं, ‘तू माझ्या शेजारच्या टेबलावर बसशील. तुझा प्रत्येक बदल मी वाचेन.’ मी आठ हजार घेतले. कर्वेनगरला कॉट बेसिसवरची जागा आणि मेस यात ते जवळजवळ संपायचे, पण भागायचं.

ठरलेलं सगळं ऑफर लेटरवर घ्या: तारखा, तास, स्टायपेंडची रक्कम. लहान कंपन्यांत पैसे कधीकधी उशिरा येतात. मालक वाईट असतोच असं नाही, पण लिहिलेलं नसेल तर तुम्हाला विचारायलाही संकोच वाटतो. गोपनीयतेचा करार बहुतेक ठिकाणी असतो. सही करण्याआधी पूर्ण वाचा. ‘मध्येच सोडल्यास अमुक रक्कम भरावी लागेल’ असा बाँड असेल तर नम्रपणे नकार द्या.

जायच्या आधीचे पंधरा दिवस

नवीन फ्रेमवर्क शिकायच्या मागे लागू नका, ते तिथे शिकालच. तीन गोष्टी हाताला बसवा. गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन): ब्रँच काढणं, कमिट करणं, कॉन्फ्लिक्ट सोडवणं. टर्मिनल: फोल्डरमध्ये फिरणं, फाइलमध्ये शोधणं, लॉग बघणं. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा): जॉइन, ग्रुप बाय आणि तारखांवरच्या क्वेरी. तारखांवर जोर का देते ते पुढे कळेल.

जाण्यायेण्याचा एकदा कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी अंदाज घ्या. रविवारी केलेला अंदाज सोमवारी उपयोगाचा नसतो. मी जायचे तेव्हा चांदणी चौकातला जुना पूल पाडून झाला होता आणि नव्या रस्त्यांचं काम चालू होतं. कर्वेनगरहून बाणेरला जायला कधी चाळीस मिनिटं, कधी दीड तास. आता तिथले नवे रस्ते झालेत, आणि वनाझ ते रामवाडी व पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मेट्रोमार्गांच्या जवळ ऑफिस असेल तर मेट्रो बरी पडते. हिंजवडीत काम असेल तर खोली वाकडकडेच बघा.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सर-मॅडम म्हणत होते. माझ्या मेंटर, म्हणजे त्याच बॅकएंडच्या ताई, हसून म्हणाल्या, ‘अगं, इथे सगळे नावानेच बोलतात. तुला नाहीच जमलं तर ताई म्हण, पण मॅडम नको. मॅडमला कुणी शंका विचारत नाही.’ मी शेवटपर्यंत ताईच म्हणत राहिले.

पहिले दोन-तीन दिवस सेटअपमध्ये जातात. कोड आपल्या लॅपटॉपवर चालू होईपर्यंत दहा अडथळे येतात. रीडमी (सेटअपच्या सूचनांची) फाइल जुनी असते, एखादी आवृत्ती जुळत नाही, डेटाबेसचा पासवर्ड कुणाकडे आहे ते माहीत नसतं. प्रत्येक अडथळा आणि त्याचा उपाय लिहून ठेवा आणि सेटअप झाला की रीडमी दुरुस्त करून पहिला पुल रिक्वेस्ट (आपला बदल तपासून मूळ कोडमध्ये घ्यावा ही विनंती) त्याचाच टाका. हे काम छोटं दिसतं. पण नव्या माणसालाच ते नीट जमतं, कारण जुन्यांना त्या पायऱ्या आता दिसतच नाहीत.

प्रश्न कसा विचारायचा हे स्वतंत्रपणे शिकावं लागतं. अर्धा तास स्वतः झगडा, त्यापुढे गप्प बसू नका. विचारताना चार गोष्टी सांगा: मला काय करायचं होतं, मी काय केलं, काय झालं (एररचा पूर्ण मजकूर, स्क्रीनचा फोटो नको), आणि माझा अंदाज काय. अनेकदा हे लिहितानाच उत्तर सापडतं. नाही सापडलं तर समोरच्याला दोन मिनिटांत मदत करता येते. माझ्याकडे आलेले शांत, हुशार इंटर्न वाया गेले ते याच कारणाने. दोन-दोन दिवस एकाच जागी अडकून बसले आणि रोजच्या स्टँडअपला (टीमच्या छोट्या बैठकीला) ‘काम चालू आहे’ एवढंच म्हणत राहिले. कॉलेजात शंका विचारली की कमीपणा वाटतो. इथे न विचारण्याने सगळ्यांचं काम अडतं.

एक काम, शेवटपर्यंत

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी मला एक तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, सोडवायला दिलं. बारामतीकडच्या एका संकलन केंद्राची तक्रार होती: ‘काही सभासदांचं सकाळचं दूध ॲपमध्ये आदल्या दिवशी दिसतं.’ बाकी काहीच तपशील नव्हता.

मी तासभर कोड वाचला, काही सापडलं नाही. ताई म्हणाल्या, ‘कोड नंतर बघ. आधी ज्याला त्रास झालाय त्याच्याशी बोल.’ मी केंद्राला फोन लावला. पलीकडे केंद्र चालवणारे काका होते.

‘काका, नेमकं कुणाचं दूध चुकतंय?’

‘पोरी, जो लवकर येतो त्याचं चुकतंय. उशिरा येणाऱ्याचं बराबर हाय. आता सांग, हा कुठला न्याय?’

त्या वाक्याने तपासाची दिशाच मिळाली. मी त्या केंद्राच्या आठ दिवसांच्या नोंदी काढल्या आणि वेळेप्रमाणे लावल्या. पाच वाजता केंद्र उघडायचं. पाच ते साडेपाचमधल्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेला गेल्या होत्या. साडेपाचच्या पुढची एकही चुकली नव्हती. संध्याकाळच्या सगळ्या बरोबर होत्या.

साडेपाच हा आकडा ओळखीचा वाटतोय ना? भारताची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे. आमचा सर्व्हर यूटीसीवर चालायचा. इथे ११ तारखेचे पहाटेचे ५ वाजून १० मिनिटं झाले, की सर्व्हरच्या घड्याळात १० तारखेचे रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झालेले असायचे. अहवालाची क्वेरी त्या वेळेतून थेट तारीख काढत होती. मशीनमधून निघणारी पावती तिथल्या घड्याळाप्रमाणे बरोबर यायची, ॲपवरचा आकडा वेगळा. त्यात आमच्याकडे बिलं १ ते १०, ११ ते २० अशी दहा-दहा दिवसांची. ११ तारखेचं पहिलं दूध आधीच्या बिलात जाऊन बसायचं आणि पावत्या जुळवणाऱ्या माणसाला वाटायचं की केंद्राने आपलं दूध खाल्लं. पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या बाईच्या मनात केंद्राबद्दल शंका यायची. मला माझी आजी दिसली. ती प्रत्येक पावती फळीवरच्या डब्यात जपून ठेवायची.

मी लगेच क्वेरीत वेळेला साडेपाच तास जोडले, दोन टेस्ट लिहिल्या आणि पुल रिक्वेस्ट टाकला. अभिमान वाटत होता. ताईंनी त्यावर दोन शेरे लिहिले.

पहिला: ‘साडेपाच तास हाताने जोडू नकोस. टाइमझोनचं नाव वापर.’ म्हणजे ‘आशिया/कोलकाता’. असे हाताने घातलेले आकडे कोडमध्ये चार जागी विखुरले, की पुढच्या माणसाला त्यांचा अर्थ लागत नाही.

दुसऱ्या शेऱ्याने मी दिवसभर जागची हलले नाही. ‘गावात नेट गेलं तर काय होतं?’ मी शोधलं. नेट नसताना नोंद फोनवरच राहायची आणि नेट आल्यावर सर्व्हरला जायची. आपण जी वेळ वापरत होतो ती नोंद सर्व्हरवर पोचल्याची वेळ होती. दूध घातल्याची वेळ वेगळीच. संध्याकाळी घातलेल्या दुधाची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली, तर तारीख पुन्हा चुकणार होती. माझा उपाय काकांची आजची तक्रार मिटवणारा होता, पावसाळ्यातली नाही.

खरा उपाय असा निघाला: संकलनाची तारीख आणि सकाळ-संध्याकाळची पाळी फोनवरच नोंदीसोबत साठवायची आणि अहवाल त्यावरून काढायचा. त्यासाठी टेबलात दोन कॉलम वाढवावे लागले, ॲप बदलावं लागलं, जुन्या नोंदी सुधारणारी स्क्रिप्ट लिहावी लागली. ॲपचा भाग दुसऱ्या सहकाऱ्याने केला, बाकी मी. एकूण तीन आठवडे लागले. बदल चालू केल्यावर पुढचे चार दिवस रोज सकाळी सात वाजता मी त्या केंद्राचे आकडे पावत्यांच्या फोटोंशी ताडून बघत होते. पाचव्या दिवशी काकांनी स्वतः फोन केला: ‘जुळलं बरं का सगळं.’

यातून पायऱ्या काढायच्या तर: आधी वापरणाऱ्याशी बोला. चूक तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून बघा. डेटा वेळेप्रमाणे किंवा प्रकाराप्रमाणे लावून नमुना शोधा. एक अंदाज लिहा आणि तो खोटा ठरवायचा प्रयत्न करा. बदल लहान ठेवा. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात काय चुकत होतं, का चुकत होतं आणि तपासणी कशी केली हे साध्या वाक्यांत लिहा. रिव्ह्यूचे शेरे मनाला लावून घेऊ नका. कुणीतरी तुमचा कोड ओळीनओळ वाचतंय, पैसे देऊनही हे शिक्षण बाहेर मिळणार नाही. आणि बदल चालू झाल्यावर पुन्हा एकदा वापरणाऱ्याकडे जा. बहुतेक मुलं पुल रिक्वेस्ट मर्ज झाला की थांबतात.

तुमच्या कंपनीत दूध नसेल, पण असं एखादं तिकीट नक्की असेल. कुणी हात न लावलेलं, कंटाळवाणं दिसणारं. तेच मागून घ्या.

चुका होतील तेव्हा

स्टेजिंगच्या, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या, डेटाबेसवर मी एकदा अपडेटची क्वेरी ‘व्हेअर’शिवाय (कोणत्या ओळी बदलायच्या ही अट न घालता) चालवली. चार हजार सभासदांचं गाव एकच झालं. हात गार पडले. दहा मिनिटं मी नुसती स्क्रीनकडे बघत होते, मग ताईंना सांगितलं. त्यांनी बॅकअप परत कसा चढवायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, ‘दहा मिनिटं का थांबलीस?’ तेव्हापासून अपडेट किंवा डिलीट चालवण्याआधी त्याच अटीची सिलेक्ट चालवून किती ओळी येतात ते मी बघते. ट्रान्झॅक्शन उघडूनच बदल करते, म्हणजे चुकलं तर तो मागे घेता येतो.

पासवर्ड किंवा एपीआय की चुकून गिटमध्ये गेली, तर नुसती ती ओळ खोडून भागत नाही. ती इतिहासात राहते. लगेच सांगा, ती की बदलावीच लागते. एआयच्या चॅटमध्ये कंपनीचा कोड किंवा ग्राहकांचा डेटा टाकण्याआधी परवानगी घ्या. अशा साधनाकडून कोड घेतला, तर त्यातली प्रत्येक ओळ मला समजावून सांगता आली पाहिजे, हा आमच्या टीमचा नियम आहे आणि मला तो योग्य वाटतो.

आणि वागणुकीबद्दल: कुणी रात्री उशिरापर्यंत विनाकारण थांबवत असेल, असभ्य बोलत असेल किंवा घरगुती कामं सांगत असेल, तर इंटर्न आहोत म्हणून सोसू नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि इंटर्नही त्या कायद्यात येतात. कॉलेजच्या कोऑर्डिनेटरनाही लगेच कळवा.

डायरी आणि अहवाल

डायरी रोज पाच ओळी लिहा. आज काय केलं, कुठे अडलं, काय कळलं. आठवड्याच्या शेवटी एकदम लिहायला बसलं की ‘एपीआयवर काम केलं’ यापलीकडे काही आठवत नाही. कॉलेजचा अहवाल याच डायरीतून तयार होतो. त्यात ग्राहकांची नावं, फोन नंबर, खऱ्या आकड्यांचे स्क्रीनशॉट घालू नका. आकृत्या आणि बनवलेला नमुना डेटा वापरा, आणि जमा करण्याआधी मेंटरना एकदा दाखवा. तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न आला, ‘यात तू स्वतः काय केलंस?’ मी कागदावर घड्याळाच्या दोन पट्ट्या काढल्या, एक आपली आणि एक यूटीसीची. पुढची वीस मिनिटं परीक्षक आणि मी त्यावरच बोलत होतो.

शेवटचे दहा दिवस

नवीन काम घेऊ नका. हातातलं पूर्ण करा, राहिलेलं कुठवर आलंय ते दोन पानांत लिहा आणि ज्याच्याकडे जाणार त्याच्यासोबत बसून समजावून द्या. मेंटरना पंधरा मिनिटं मागा आणि विचारा, ‘माझं काय कच्चं राहिलं?’ मला उत्तर मिळालं: टेस्ट लिहायचा कंटाळा. खरं होतं. पुढे नोकरीची संधी आहे का, हे स्पष्ट विचारायलाही लाजू नका. नसेल तर शिफारसपत्र मागा आणि त्यात नेमक्या कामाचा उल्लेख करायची विनंती करा.

आता कागद. सर्टिफिकेट लेटरहेडवर हवं आणि त्यावर रुजू झाल्याची व संपल्याची तारीख हवी. या तारखा ऑफर लेटरशी जुळतात का ते तिथेच बघा. मूल्यमापनाच्या कागदावर बऱ्याच कॉलेजांना कंपनीचा शिक्का लागतो आणि अनेक स्टार्टअपकडे शिक्का नसतोच. आमच्याकडेही नव्हता. मी शेवटच्या आठवड्याच्या सोमवारीच विचारलं म्हणून निभावलं. संस्थापकांनी शिक्का करायला टाकला, तो गुरुवारी आला आणि शुक्रवारी ते मुंबईला जाण्याआधी सकाळीच मी तिन्ही प्रतींवर सही-शिक्का घेतला. एक प्रत कॉलेजला, एक कंपनीला, एक माझ्या फाइलीत. दुपारी लॅपटॉप परत केला, गिट आणि स्लॅकवरचा माझा प्रवेश बंद झाल्याचं समोर बघितलं, आणि काकांना फोन करून सांगितलं की पुढच्या सोमवारपासून अडचण आली तर ताईंच्या नंबरवर कळवा.